सात नंबरचं पुस्तक

आमच्या मुंगीला हाक मारून उपयोग नसतो.

घरात ती दिवसभर बडबडते, झोपेतसुद्धा कुणाशी तरी भांडते, पण उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तोंडाला कुलूप. चार वर्षं सात महिन्यांत घराबाहेर तिने एक शब्द काढलेला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही लाजरी नाही आणि हट्टीही नाही, भीतीने घसा आवळला जातो तिचा. बोल बोल म्हणून मागे लागू नका, वाट बघा. मी वाट बघते. ते काम मला जमतं.

दोन महिन्यांपूर्वी बालवाडीच्या बाथरूमची कडी अडकली. मुंगी आत. बाईंनी मुलं मोजली तेव्हा एक कमी भरलं. चाळीस मिनिटं सगळी शाळा तिच्या नावाने हाका मारत होती, लोक त्याच दारासमोरून चारदा गेले आणि ती आतून गप्प. मी पोचले तेव्हा शिपाई कडी कापत होता. दार जसजसं वाजत होतं तसतशी ती आणखी कोपऱ्यात सरकत गेली होती. उघडलं तेव्हा बादलीमागे बसलेली, दोन्ही हात कानांवर. मला बघून रडलीसुद्धा नाही. घरी आल्यावर, दार लावून घेतल्यावर म्हणाली, "आई, मी इथेच होते."

तेव्हापासून माझी झोप गेली ती गेलीच. बाकीची मुलं हरवली तर भोकाड पसरतात, चार लोक गोळा होतात. माझी जिथे असेल तिथे गप्प राहील. पडली तरी गप्प. बुडाली तरी गप्प. हे वाक्य मी मोठ्याने कुणाजवळ बोलले नव्हते. नवऱ्याजवळही नाही.

आणि अशा मुलीला घेऊन मी अडीचशे माणसांच्या गर्दीत गेले. का, तर वाचनालयाच्या बालविभागाचं छप्पर गळत होतं आणि ग्रंथपालबाईंना नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती.

कार्यक्रमाचं नाव होतं 'सूर, सूप आणि साहित्य'. वाचनालयाच्या मागची बाग, तिकीट काढून आत यायचं, एका बाजूला खाण्याची टेबलं, मधल्या हिरवळीवर खुर्च्या आणि माइक, पायऱ्यांवर तीन वादक. बाईंची सगळ्यात लाडकी कल्पना मात्र वेगळीच होती. त्या दिवशी पुस्तकांऐवजी माणसं वाचायला मिळणार होती. दहा जण 'पुस्तकं' व्हायला तयार झाले होते. एक निवृत्त नर्स, एक तुटक्या मूर्तींना पाय जोडणारा शिल्पकार, एक विमानात वीस वर्षं जेवण वाटलेली बाई, असे. प्रत्येकाच्या गळ्यात फितीला अडकवलेलं कार्ड, कार्डावर नंबर आणि नाव. सगळ्यांनी एका लांब बाकावर ओळीने बसायचं. सभासदाने टेबलावर येऊन नंबर सांगायचा, टेबलावरून ठरेल त्या जागी त्या माणसाला न्यायचं आणि पंधरा मिनिटं ऐकायचं. घंटा झाली की पुस्तक परत.

घंटा माझ्याकडे होती. पितळेची, लाकडी मुठीची, हलवली की सगळ्या बागेत ऐकू जाईल अशी. बाई म्हणाल्या, तुझ्याइतकं घड्याळाकडे दुसरं कुणी बघत नाही. ही स्तुती होती की टोमणा, ते मी ठरवलं नाही.

नोंदणीच्या टेबलावर शिक्केकाका. वाचनालयात तीस वर्षं त्यांनी शिक्के मारले, म्हणून हे नाव. मला त्यांनी बारा वर्षं पुस्तकं दिली आहेत, पण रस्त्यात भेटले तर ओळखत नाहीत. माझ्या हातात पुस्तक असेल तर पुस्तकाला ओळखतात. जांभळ्या शाईचा पॅड, वेळेचा शिक्का आणि आखलेली वही घेऊन ते दुपारी तीनपासून मान खाली घालून बसले होते.

आम्ही लवकर गेलो होतो. नवरा फाटकावर तिकिटं तपासायला, नणंद केकच्या टेबलावर, मी घंटेशी. लोक यायच्या आधी मी बागेला दोन फेऱ्या मारल्या. काचघरामागे गोल तळं, पानांनी झाकलेलं. खोली कळत नव्हती. अगदी मागे, उंच हिरव्या कुंपणापलीकडे, झाडांना पाणी घालायची जमिनीतली टाकी. तिचं लोखंडी झाकण बंद होतं. पायाने दाबून बघितलं. दुसऱ्या फेरीत परत दाबून बघितलं.

"वहिनी, पोरीला खिशात घालून फिर तू," नणंद म्हणाली. "आणि खिशाला वरून टाका घाल."

ताईंचं बोलणं असंच. सगळे माझ्या पिशवीवरूनही हसतात. तिच्यात पट्ट्या, मलम, मोज्यांचा जादा जोड, टाचण्या, चिमटे, शिट्टी, सगळं असतं. नवरा म्हणतो, हिच्या पिशवीत एक लहान डॉक्टर पण बसलाय. हसू देत.

मुंगीला मी बाकाच्या टोकाला बसवलं, माझ्या टेबलापासून सहा पावलांवर. तिला सांगितलं, इथून हलायचं नाही, आणि मी दिसले नाही तर शिक्केकाका सांगतील तसं करायचं. तिने मान हलवली. सांगितलेलं सगळं ती अक्षरशः करते. म्हणून तर मुंगी. रांग सोडत नाही.

तिच्या शेजारी सात नंबर बसले होते. कार्डावर लिहिलं होतं, 'उंचावरून : क्रेनचालकाची बावीस वर्षं'. मोठे, वाकलेले, केसांना तेल लावून चापून भांग पाडलेला. पहिली फेरी चारला सुरू झाली तेव्हा नर्सबाईंना तिघांनी मागितलं, विमानवाल्या बाईंसाठी तर चक्क वाद झाला. क्रेनवाल्या काकांना कुणी नेलं नाही. ते तसेच हात मांडीवर ठेवून बसून राहिले आणि मग, दुसरं कुणी नव्हतं म्हणून, मुंगीला सांगू लागले. शब्द मला ऐकू येत नव्हते. हात दिसत होते. शिडी चढणारे हात, दांडा ओढणारे हात. ते तिला काही विचारत नव्हते. नाव काय, कितवीत आहेस, मांजरीने जीभ नेली का, यातलं काहीच नाही. मुंगी त्यांच्या हातांकडे बघत होती. मला जरा बरं वाटलं. दिवसभरात तेवढंच.

सव्वाचारला मी घंटा दिली, पुस्तकं परत आली, लोक खायला पांगले, वाद्यं सुरू झाली. मग वारा सुटला. साडेचारच्या सुमारास व्हायोलिनवाल्याचे कागद उडाले, दोन हिरवळीवर, एक सुपात. ग्रंथपालबाई माझ्याकडे धावत आल्या, कारण चिमटे कुणाकडे असणार हे सगळ्यांना माहीत होतं. मी मुंगीकडे बघितलं. ती बसलेली होती. मी पिशवी आणि घंटा घेऊन पायऱ्यांकडे गेले.

कागदांना चिमटे लावायला किती वेळ लागतो? व्हायोलिनवाला प्रत्येक पानाचा क्रम लावत बसला. चार चाळीस झाले. दुसऱ्या फेरीची वेळ. मी तिथूनच, पायऱ्यांवरूनच, घंटा वाजवली. माणसांच्या डोक्यांमधून मला बाकाजवळची गडबड दिसली, लोक उठत होते, जोडीजोडीने झाडांकडे निघत होते. वाद्यं थांबली. पाहुणे लेखक माइकपाशी येऊन आपली गोष्ट वाचायला लागले.

मी परत आले तेव्हा बाक रिकामा होता.

म्हणजे विमानवाल्या बाईंचा पंखा होता, शिल्पकाराची टोपी होती. टोकाची जागा रिकामी. मी आधी बाकाखाली बघितलं. मग माझ्या टेबलाखाली. मग मागच्या झाडाभोवती एक फेरी, कारण मुलं झाडाभोवती फिरतात आणि आपण एका बाजूने गेलो तर ती दुसऱ्या बाजूने येतात. मी उलटीही फेरी मारली.

शिक्केकाकांना विचारलं, इथे बसलेली लहान मुलगी कुठे गेली. त्यांनी मान वर केली नाही.

"लहान मुलांची नोंद ठेवत नाही मी," ते म्हणाले. "पुस्तकांची ठेवतो."

केकच्या टेबलावर ताई म्हणाल्या, असेल गं इथेच, आता तर होती. कधी आता? आता म्हणजे मघाशी. त्यांच्या हाताला साखर लागली होती आणि समोर रांग होती. मी टेबलांवरची कापडं उचलून उचलून बघत गेले. लोकांचे बूट, एक पडलेला चमचा. सुपाच्या पातेल्यापाशी गेले. ते माझ्या कमरेइतकं उंच होतं, खाली चूल. पातेल्यातसुद्धा बघितलं मी. हे मी नंतर कुणाला सांगितलं नाही.

हिरवळीवर खुर्च्यांच्या रांगांमधून जाताना मी एकेकाला हळू आवाजात विचारत होते, निळा फ्रॉक, एवढी मुलगी. वाचनालयातले लोक ते. वाचन चालू असताना बोलायचं नाही, ही सवय त्यांच्या हाडात आहे. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत तोंडावर बोट जायचं. एक आजोबा तर फार मायेने हसले आणि माइककडे बोट दाखवून मला बसायला शेजारची खुर्ची दिली. एवढी माणसं, एकही जण हलत नव्हता, आणि एवढ्या सगळ्यांत मी एकटीच चालत होते.

ग्रंथपालबाई पहिल्या रांगेत. मी त्यांच्या कानाशी वाकले. त्या दचकल्या, मग कुजबुजल्या की हा परिच्छेद संपला की माइकवरून विचारू. चांगल्या मनाने म्हणाल्या. पण माझ्या डोळ्यांपुढे बाथरूमचं दार आलं. माइकवरून तिचं नाव घेतलं, अडीचशे माणसं उठली, शोधायला लागली, हाका मारायला लागली की ती काय करेल? सरकेल. जिथे असेल तिथे आणखी आत सरकेल. मी नको म्हणाले.

घंटेचंही तेच. माझ्या हातात होती. वाजवली असती तर एका मिनिटात सगळे बाकाशी गोळा झाले असते. पण अशा वेळी धावणारे पाय, गलका आणि ती कानांवर हात ठेवून पाण्याच्या कडेला असेल तर? मी घंटेचा लोलक मुठीत घट्ट धरला, चुकूनही वाजू नये म्हणून. नंतर बघितलं तेव्हा तळहातावर त्याचा गोल वण उठला होता.

फाटकावर कुणी नव्हतं.

फाटक उघडं होतं. नवऱ्याचं स्टूल, त्यावर तिकिटांची थप्पी आणि वर दगड ठेवलेला. बाहेर रस्ता, एक गाडी गेली, मग दुसरी. फूटपाथवर दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर कुणी नाही. मी त्याला फोन लावला. तो बर्फ आणायला कोपऱ्यावर गेला होता, सरबत कोमट झालं म्हणून. मी म्हणाले, मुंगी दिसत नाही. एरवी तो लगेच म्हणतो, असेल गं. या वेळी म्हणाला नाही. "मी रस्ता बघतो," तो म्हणाला. "तू पाणी बघ."

म्हणजे ते वाक्य त्याच्याही डोक्यात होतं. इतके दिवस.

काचघरामागचं तळं मी आधी का बघितलं नाही, याचं खरं उत्तर मला माहीत आहे. तिथे जायची भीती वाटत होती. आधी बाकीच्या सगळ्या जागा संपवल्या. पानं पाण्यावर सपाट पसरलेली, मधेच एक कागदी बशी तरंगत होती. एका ठिकाणी पानं बाजूला झालेली, खाली काळं पाणी. वाऱ्यानेही झाली असतील. मी काठावर गुडघे टेकले आणि हात आत घातला. कोपर गेलं, खांदा गेला, गाल पाण्याला लागला, तेव्हा बोटांना तळ लागला. गार, बुळबुळीत. मी हात इकडेतिकडे फिरवला. काहीतरी मऊ हाताला आलं आणि माझ्या तोंडून कसलासा आवाज निघाला. शेवाळ होतं. सगळ्या कडेने तसा हात फिरवत मी गुडघ्यांवर तळ्याला फेरी मारली. माझ्या दुसऱ्या हातात घंटा होती आणि हिरवळीवरून लेखकांचा आवाज येत होता; गोष्टीत काहीतरी विनोदी घडलं असावं, लोक हसले.

घड्याळात चार त्रेपन्न. मग मी परत बाकाकडे आले. का, ते माहीत नाही. हरवलेली वस्तू आपण पुन्हा पहिल्याच कप्प्यात शोधतो, तसं.

तिथे क्रेनवाले काका उभे होते. एका हातात सुपाचा वाडगा, दुसऱ्या हातात लहान वाडगा, त्यावर पावाचा तुकडा. ते शिक्केकाकांना विचारत होते, माझी राखणदार कुठे गेली.

"सात नंबर बाहेर आहे," शिक्केकाका वहीतून वर न बघता म्हणाले. "चार चाळीसला दिला."

"सात नंबर मी आहे."

"सात नंबर बाहेर आहे," शिक्केकाका पुन्हा म्हणाले आणि वहीत बोट ठेवलं. तिथे जांभळा शिक्का होता.

क्रेनवाले काका माझ्याकडे वळले. माझी ओली बाही, गुडघ्यांचा चिखल बघून त्यांचा चेहरा बदलला. ते भराभर सांगायला लागले. पहिल्या फेरीत त्यांना कुणी नेलं नव्हतं, दुसरीतही कुणी नेणार नाही असं धरून ते खायला गेले. फीत सुपात बुडेल म्हणून कार्ड काढलं आणि मुंगीच्या गळ्यात घातलं. तिला म्हणाले, मी येईपर्यंत तू सात नंबर, माझी जागा धर. रांग मोठी होती. घंटा ऐकली, पण म्हटलं आपल्याला कोण विचारतंय.

मी वही माझ्याकडे ओढली. शिक्केकाकांची वही तीस वर्षांत कुणी ओढली नसेल. नंबर सात. सभासद एकशे बारा. वेळ चार चाळीस. जागा : टाकीमागचं बाकडं.

शिक्केकाकांनी आता मान वर केली होती. "मी नंबर पुकारला," ते म्हणाले. "कार्ड पुढे आलं. मी शिक्का मारला." त्यांचा हात अजून पॅडवरच होता. "कार्ड जरा खाली होतं," ते म्हणाले. "हो. जरा खाली होतं."

आणि मी तिला सांगितलं होतं, शिक्केकाका सांगतील तसं कर.

टाकीचं झाकण मी दोनदा बघितलं होतं. तिसऱ्यांदा बघितलं नव्हतं. त्यानंतर माळ्याने कुंड्यांना पाणी घातलं होतं, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. पाणी काढायला झाकण उघडावं लागतं. पुन्हा लावलं का?

मी धावले. काचघर, तळं, वाफे, मग ते उंच कुंपण. माझ्यामागे क्रेनवाले काका दोन्ही वाडगे सांभाळत येत होते. खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही. कुंपणाला शेवटी वळसा घालायचा असतो. मी वळणारच होते.

आणि कुंपणापलीकडून आवाज आला.

तो आवाज मी रोज ऐकते. भाजी चिरताना, आंघोळ घालताना, पहाटे कानाशी. पण उघड्या हवेत तो मी कधी ऐकला नव्हता, त्यामुळे पहिल्यांदा ओळखलाच नाही. वाटलं, दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी.

"मग मी वर गेले. शिडीने. शिडी शंभर होती."

"एका दमात?" दुसरा आवाज म्हाताऱ्या बाईचा.

"नाही. मधे बिस्किट खाल्लं. मग खोली आली. काचेची. त्यात एकच खुर्ची. वर दुसरं कुणी येत नाही. वर बोलावं लागत नाही."

मी जागच्या जागी थांबले. पाय चिखलात, तसेच. पानांच्या फटीतून मला टाकी दिसली. झाकण लावलेलं, वर झारी ठेवलेली. त्यापलीकडे बाकडं. बाकड्यावर सभासद एकशे बारा, म्हणजे वाचनालयात नेहमी येणाऱ्या काठीवाल्या आजी. त्यांचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यावर पांढरी पट्टी, आणि दुसऱ्या डोळ्याने त्यांना उजेड तेवढा कळतो. शेजारी मुंगी, पाय लोंबकळत, गळ्यातलं कार्ड पार मांडीवर आलेलं.

"मग वर बसून करायचं काय?" आजींनी विचारलं.

"बघायचं. सगळं दिसतं. घरं दिसतात. बाबा दिसतात, स्टुलावर. आई दिसते. आई एवढीशी." बोटांनी दाखवलं असावं, आजींना दिसत नाही हे ती विसरली. "आई पिशवी घेऊन पळते."

"का गं पळते?"

बराच वेळ काही नाही. मला वाटलं संपलं. कुलूप लागलं.

"ती मोजते," मुंगी म्हणाली.

"काय मोजते?"

"मला." मग जरा विचार करून, "मी एकच आहे. तरी मोजते."

क्रेनवाले काका माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी ऐकलं. सूप सांडून त्यांच्या बोटांवर आलं होतं, पण ते हलले नाहीत.

"मग खाली कधी यायचं?" आजी म्हणाल्या.

"घंटा झाली की."

मी घड्याळ बघितलं. पाच वाजायला तीन मिनिटं. घंटा चार पंचावन्नला द्यायची होती.

एवढा वेळ मला भीती होती ती कळण्यासारखी होती. पाणी, रस्ता, गाडी. आता लागली ती भीती कशी सांगावी? मी श्वास सोडला तर ऐकू जाईल. पाय उचलला तर चिखलाचा आवाज होईल. मुठीतला लोलक निसटला तर घंटा वाजेल, ती खाली येईल आणि पुन्हा वर जायची नाही. मी दुसरा हात, तो तळ्याचा ओला हात, घंटेभोवती दाबून धरला आणि घंटा पोटाशी घेतली.

कुंपणाच्या टोकाशी ग्रंथपालबाई आल्या. मनगटावर बोट आपटून दाखवलं. हिरवळीवर वाचन संपून टाळ्या पडत होत्या, लोक पुस्तकांची वाट बघत होते, वादक कागद उलटत होते. मी मान हलवली, नाही. बाईंनी भुवया उंचावल्या. नियमाच्या बाई त्या; त्यांच्या वाचनालयात एक दिवस उशीर झाला तर दंड आहे. त्यांनी कुंपणाकडे कान दिला. ओळखीचा आवाज नव्हताच त्यांच्या; तीन वर्षं मुंगीला माझ्या कडेवर बघत होत्या, आवाज कधी ऐकला नव्हता. कुणाचा ते कळल्यावर त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले आणि उलट्या पावलांनी मागे गेल्या. थोड्या वेळाने वाद्यं सुरू झाली, अगदी हळू, काहीतरी लांबण लावलेलं. बाईंनी सांगितलं असणार.

मुंगी सांगत राहिली. क्रेनने तिने एक घर उचललं, एक शाळा उचलली. शाळेचं बाथरूम उचलून नदीपलीकडे ठेवलं. एक केक उचलला, तो आत्याला जड झाला होता म्हणून. काका माझ्या कानाशी पुटपुटले, "यातलं निम्मं मी सांगितलेलं नाही."

पाच वाजून चार मिनिटांनी आजींनी सुस्कारा सोडला आणि त्यांची काठी हलली. मग मी घंटा दिली. जोरात नाही.

त्या दोघी वळसा घालून बाहेर आल्या. मुंगी पुढे, आजींचा हात तिच्या डोक्यावर. मला बघून मुंगी थांबली. तोंड मिटलेलं, नेहमीसारखं. माझ्या चिखलाकडे बघितलं, बाहीकडे बघितलं. मी तिला उचललं तेव्हा काकांनी शेवटी वाडगे खाली ठेवले आणि माझ्या कोपराला आधार दिला. आजींना मी काहीतरी रागाचं बोलणार होते. एवढ्या लहान मुलीला, न विचारता, टाकीपाशी. त्या माझ्या आधी बोलल्या.

"हात धरला तर हात लहान लागला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, बालआवृत्ती असेल. पण अर्धा वेळ काही बोललीच नाही हो. मीही म्हटलं, काही पुस्तकं उशिरा उघडतात. बसू." मग माझा श्वास ऐकून त्यांना कळलं. "तुम्ही शोधत होतात?" त्यांनी विचारलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. मग मला रागावता आलं नाही.

टेबलाशी मुंगीने गळ्यातलं कार्ड स्वतः काढून दिलं. शिक्केकाकांनी ते घेतलं. शिक्का मारायचा सोडून ते तिच्याकडे बघत राहिले, नाक, डोळे, केसातली पिन, सगळं नीट. पुढच्या वेळी रस्त्यात ओळखायचंच असं ठरवल्यासारखं. मग वहीत 'परत' असं लिहिलं. वेळ लिहिली नाही.

नवरा फाटकातून आत आला तेव्हा त्याच्या हातात वितळलेल्या बर्फाची पिशवी होती आणि शर्ट भिजलेला होता, बर्फाने की घामाने कोण जाणे. त्याने मुंगीचे दोन्ही पाय, एकामागून एक, हातात धरून बघितले. ताईंनी तिच्यापुढे केकचा सगळ्यात मोठा तुकडा धरला.

घरी आल्यावर मी दार लावलं. कडी घातली, मग काढली. बाथरूमच्या त्या प्रकारापासून मी आतली कडी घालत नाही. मुंगी चपला काढून जागेवर लावत होती.

"आई," ती म्हणाली, "तू घंटा उशिरा दिलीस."

मी म्हणाले, घड्याळ मागे पडलं होतं.

"नाही." तिने चपला एकमेकींना नीट चिकटवल्या. "तुझे पाय दिसत होते मला. कुंपणाच्या खालून."

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. माझ्या चपलांचा चिखल अजून ओला होता.